परवाचा डबा

"फ्रिजचं दार तूच उघडं ठेवलंस!" मावशी म्हणाली.

"नाही गं मावशी! मी फक्त पाण्याची बाटली काढली, आणि..."

"आणि दार लावायला विसरलीस. झालं! दुपारभर आयसिंग गरम हवेत बसलं आणि आंबलं. आज तिसऱ्या केकची तक्रार आली. तिसऱ्या! दहा वर्षांत एकही आली नव्हती."

मुंगी किचनच्या दारात उभी होती. मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. दीड वर्षाची असताना ती साखरेच्या डब्यात दोन्ही हात घालून बसलेली सापडली आणि तेव्हापासून घरादाराने तिचं बारसं पुन्हा करून टाकलं. आता ती बारा वर्षांची झाली होती, तरी ते नाव काही तिची पाठ सोडत नव्हतं.

"दार मी लावलं होतं," ती हळूच म्हणाली. "मला आठवतंय. मी ते पाठीने ढकललं होतं."

"दुपारी मी बाहेर असते. नक्षीकाका टेबलापाशी केक सजवत असतात, त्यांना दुसरं काही दिसत नाही. मग उरलं कोण?"

उरली मुंगीच.

मावशीने कणिक मळावी तसा ओटा जोरजोरात पुसला. मग मुंगीकडे न बघताच म्हणाली, "आजपासून किचनमध्ये पाऊल टाकायचं नाही. आणि रविवारी मी तुला आत्याकडे सोडते. माझं दुकान हे असं, मला चोवीस तास कुणावर लक्ष ठेवता येत नाही. शनिवारी वृद्धाश्रमाचा मोठा केक आहे. चाळीस म्हातारी माणसं खाणार आहेत तो. त्यांच्या पोटाला काही झालं, तर मी तोंड कुठे लपवू?"

तिची आई सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी दूर गेली होती. बाबा जहाजावर होते. सुट्टी लागल्यावर मुंगीचे पहिले पंधरा दिवस काकाकडे गेले. मग काकाकडे पाहुणे आले म्हणून ती मावशीकडे आली. आता मावशीकडून आत्याकडे. पार्सलला तरी निदान पोचल्यावर कोणीतरी सही करून घेतं, असं तिच्या मनात आलं.

खरं सांगायचं तर या घरात तिला आवडण्यासारखी एकच जागा होती, ती म्हणजे हे किचन. वरच्या दोन खोल्यांत दिवसभर घड्याळाशिवाय कोणी बोलत नसे. पण सकाळी सहा वाजता मावशी आयसिंग करायला घेई, तेव्हा मुंगी स्टुलावर बसून बघत राही. तेवढा एक तास मावशी बोलायची. बोलायची म्हणजे आयसिंगबद्दलच बोलायची, पण बोलायची तरी!

"हे बघ, यात लोणी आहे, क्रीम-चीज आहे आणि ताजं क्रीम आहे. म्हणजे हे फार नाजूक. डब्यात भरलं की वर प्लास्टिकचा कागद असा अगदी चिकटवून टाकायचा, मध्ये हवा राहता कामा नये. मग घट्ट झाकण. आणि कांद्याच्या शेजारी कधी ठेवायचं नाही, नाहीतर वाढदिवसाला कांद्याचा केक! केलं तो दिवस आणि दुसरा दिवस वापरायचं. तिसऱ्या दिवशी उरलं असेल तर सरळ कचऱ्यात."

"पण खराब झालं हे ओळखायचं कसं?"

"आधी डोळ्यांनी बघायचं. कड पिवळी पडलीय का, तळाशी पाणी सुटलंय का, बुडबुडे आलेत का. मग वास घ्यायचा. नाक नको म्हणालं तर जिभेला विचारायचंच नाही."

हे सगळं मुंगीला पाठ होतं. आणि आता त्याच किचनचं दार तिच्या तोंडावर बंद झालं होतं.

ती मागच्या जिन्यात जाऊन बसली. या जिन्याच्या पहिल्या वळणावर एक खिडकी होती. तिथून किचन अगदी समोर दिसायचं: टेबल, ओटा, मोठा फ्रिज. मुंगी गजांना नाक लावून आत बघत बसली. रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. नाकाला मात्र ते कोणी सांगितलं नव्हतं, ते आपलं वाहत होतं.

"ए, तू आमच्या पायरीवर बसली आहेस," मागून कोणीतरी म्हणालं.

मुंगीने वळून पाहिलं. जाड चष्म्याचा एक मुलगा उभा होता, काखेत वही, कानावर पेन्सिल. त्याच्या पाठीमागून सहा-सात वर्षांची एक मुलगी डोकावत होती.

"पायरीवर तुझं नाव लिहिलंय?"

"लिहिलंय," मुलगी उत्साहाने म्हणाली. "तू बसलीयेस ना, त्याच्या खाली!"

मुंगीने उठून पाहिलं. खरंच लिहिलं होतं! खडूने, मोठ्या अक्षरात: 'प्रोफेसर'. आणि खाली बारीक अक्षरात: 'आणि शेपूट'.

"मी प्रोफेसर," मुलगा म्हणाला. "ही माझी बहीण. मी जिथे जातो तिथे ही मागे असते, म्हणून शेपूट. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. तू केकवाल्या मावशींची भाची ना? आठ दिवस तू खिडकीतून आम्हाला खेळताना बघतेस, खाली का येत नाहीस?"

"तुम्ही बोलावलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस!"

"तुम्ही दोघं भांडत बसा," शेपूट म्हणाली, "पण ही रडतेय, ते बघा आधी."

मग काय! मुंगीने सगळं सांगितलं. फ्रिजचं दार, आंबलेलं आयसिंग, तीन तक्रारी, शनिवारचा केक, रविवारी आत्या. आठ दिवसांत ती एवढं सलग कोणाशी बोलली नव्हती. सांगून झाल्यावर तिला दम लागला.

प्रोफेसरने पेन्सिल कानावरून काढली. "प्रश्न पहिला. फ्रिज खरोखर गरम होतो का? हे मोजायला हवं."

"कशाने मोजणार? तापाच्या थर्मामीटरने?"

"माझ्याकडे माशांच्या टाकीतला आहे. शून्यापासून पुढचं सगळं कळतं. पण तू तर आत जाऊ शकत नाहीस."

दोघांनी एकदमच शेपटीकडे पाहिलं.

"माझ्याकडे असं बघू नका," शेपूट म्हणाली. "दोन चॉकलेटं पडतील!"

---

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारी दोन वाजता मावशी केक पोचवायला बाहेर पडली. त्याच वेळी नक्षीकाका कामावर आले. हे नेहमीचंच. मावशी सकाळी सहा ते दोन, काका दोन ते आठ. पंधरा दिवसांपूर्वी एक ताई इथे कामाला होती, ती दिवसभर असे आणि सगळी लिखापढी करे. तिने नोकरी सोडली आणि तिच्या जागी हे काका आले. केकवर गुलाब, वेली, पक्षी असं काढत की बघत राहावं. पण मावशीची आणि त्यांची दारात ओझरती भेट व्हायची तेवढीच. बाकी काय करायचं ते मावशी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून सांगायची.

शेपूट पाण्याची बाटली घेऊन दुकानात शिरली. बाटलीत थर्मामीटर डुलत होता.

"नक्षीकाका, ही तुमच्या फ्रिजमध्ये ठेवाल? माझ्या माशाला गार पाणी हवंय."

"मासा कुठाय?"

"तो घरी आहे. पाणी गार झालं की मी त्याला विचारीन."

काकांनी हसत बाटली फ्रिजमध्ये ठेवली. त्यानंतर शेपूट दर तासाला हजर!

"झालं का गार? बघू! नाही, अजून माशासारखं गार नाही झालं." आणि बाहेर येऊन कुजबुजत, "दादा, चार!"

तीन वाजता पाणी अजून निवत होतं, पण पुढे चार वाजता चार, पाच वाजता चार, सहा वाजता पुन्हा चार अंश. शुक्रवारीही आकडा चारच्या वर गेला नाही. प्रोफेसरने वहीत रेघ मारून लिहिलं, 'फ्रिज निर्दोष.'

"म्हणजे फ्रिज चांगला आहे, दार बंद आहे, तरी आयसिंग नासतं," मुंगी म्हणाली. "असं कसं?"

पण हा हिशेब लागायच्या आधी, गुरुवारीच संध्याकाळी एक गोष्ट घडली होती. तिघं खिडकीला चिकटून बसले होते. आत काका आवराआवर करत होते. त्यांनी टेबलावरचा एक डबा उचलला. त्यावरची चिठ्ठी खिडकीतून स्पष्ट वाचता येत होती: 'परवाचं'.

"तो आता फेकतील," मुंगी म्हणाली. "तिसऱ्या दिवशीचं आयसिंग मावशी फेकायला काढून ठेवते. मंगळवारी केलेलं आहे ते."

काका डबा घेऊन कचऱ्याच्या पिंपाकडे गेले आणि त्याला वळसा घालून थेट फ्रिजकडे! त्यांनी खालच्या कप्प्यातले तीन डबे बाजूला केले, हा डबा अगदी मागे सरकवला, आणि ते तीन डबे पुन्हा त्याच्यापुढे लावून टाकले.

"लपवला!" शेपूट किंचाळली. प्रोफेसरने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"काका चोर आहेत," तो दबक्या आवाजात म्हणाला. "शिळं आयसिंग जपून ठेवतात आणि ताजं घरी नेतात!"

"त्यांच्या हातात जाताना छत्रीशिवाय काही नसतं," मुंगी म्हणाली. "मी रोज वरून बघते. छत्रीत आयसिंग नेता येतं का?"

"उघडली नाही तर येईल," शेपूट म्हणाली.

एवढ्यात वरून हाक आली, "चला रे, जेवायला!" दोघं भाऊबहीण धावत वर गेले. जिन्यातला दिवा कोणी लावला नव्हता. मुंगी थोडा वेळ तिथेच बसून राहिली. तिला हाक मारणारं कोणी नव्हतं. वरती ओट्यावर मावशीने ताट झाकून ठेवलेलं असणार, आणि समोरची खुर्ची रिकामी असणार, हे तिला न बघताच माहीत होतं. आईला फोन करावा असं तिला फार वाटलं. पण आईचा वर्ग या वेळी चालू असायचा, आणि फोनवर रडली असती तर आईलाही तिकडे रडू आलं असतं. म्हणून तिने केला नाही.

रात्री मावशी थकून वर आली तेव्हा मुंगीने धीर करून सांगितलं, "मावशी, नक्षीकाकांनी शिळा डबा फेकला नाही. फ्रिजमध्ये मागे लपवलाय."

मावशी चपला काढता काढता थांबली. "आता काकांवर ढकलतेस का? तीस वर्षं काम केलेला कारागीर आहे तो, त्याला शिळंताजं कळत नाही? आणि तू खिडकीतून पाळत ठेवतेस त्यांच्यावर? शोभतं का हे?"

"पण मावशी, तू एकदा बघ तरी..."

"झोप आता. मला पहाटे उठायचंय."

मुंगीने भिंतीकडे तोंड केलं. आपण खरं बोलत असताना समोरच्याला ते खोटं वाटतं, तेव्हा किती एकटं वाटतं, हे तिला त्या रात्री कळलं. तिने उशी घट्ट धरली आणि डोळे उघडे ठेवून पडून राहिली.

---

शनिवार उजाडला. वृद्धाश्रमातल्या सगळ्यात थोरल्या आजोबांना नव्वद वर्षं पूर्ण होत होती आणि संध्याकाळी पाच वाजता केक तिथे पोचायला हवा होता. दुपारी मावशी लहान ऑर्डरी पोचवायला गेली. टेबलावर तीन मजली कोरा केक तयार होता. तिघं गुप्तहेर खिडकीत ठाण मांडून बसले.

पावणेचारला काकांनी हात धुतले, फ्रिज उघडला, पुढचे तीन डबे बाजूला केले आणि मागचा डबा बाहेर काढला. तोच! 'परवाचं'!

"घरी नाही नेत," प्रोफेसर म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "ते... ते त्या केकलाच लावणार आहेत!"

मंगळवारचं आयसिंग. आज शनिवार. चाळीस म्हातारी माणसं! किचनमध्ये पाऊल टाकायचं नाही असं मावशीने बजावलं होतं. आत गेली तर मावशी पुन्हा तिचं तोंड बघणार नाही, आणि नाही गेली तर...

काकांनी डब्यातलं आयसिंग नक्षीच्या पिशवीत भरायला सुरुवात केली.

मुंगी उठली. जिना, मागचं दार, किचन! "काका, थांबा! लावू नका ते!"

काका दचकले. पिशवीतून आयसिंगचा एक फवारा उडाला आणि त्यांच्याच चष्म्यावर बसला. "अगं ए! काय झालं? आग लागली का?"

"ते खराब आहे!"

"खराब? हे?" काकांनी चष्मा पुसत डबा पुढे केला. "बघ तरी किती मऊ, किती गुळगुळीत. खराब म्हणशील तर ते आहे." त्यांनी फ्रिजमधून दुसरा डबा काढून झाकण उघडलं. त्यावर 'आजचं' अशी चिठ्ठी होती. "हे बघ, कसं दगडासारखं झालंय. चमच्याने ढवळून पाहिलं तर गुठळ्याच गुठळ्या. पार फुटलंय. तुझ्या मावशीला म्हणणारच होतो, हे टाकून द्या."

मुंगीने दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवले. तीस वर्षांचे कारागीर एकीकडे आणि ती एकीकडे. गुळगुळीत आयसिंग खरंच सुंदर दिसत होतं, आणि दुसरं अगदी ओंगळ. क्षणभर तिला वाटलं, आपलं चुकतंय की काय? मग तिने खाली वाकून नीट पाहिलं. गुळगुळीत आयसिंगची डब्याला लागलेली कड पिवळसर झाली होती. डबा कलता केला तर तळातून पाण्याचा ओघळ आला. कडेला बारीक बारीक बुडबुडे होते. तिने वास घेतला आणि मान मागे घेतली.

"काका, वास घ्या याचा."

"वास?" काका ओशाळून हसले. "बाळा, तीस वर्षं मैदा हुंगून हुंगून माझं नाक कधीच कामातून गेलंय. आणि साखरेचा आजार, त्यामुळे चव घेणंही बंद. मी आपला डोळ्यांनी काम करतो."

एव्हाना प्रोफेसर आणि शेपूटही आत घुसले होते. शेपटीने डब्यात नाक घातलं.

"ईईई! दादाचे मोजे!"

"माझे मोजे इतके वाईट नाहीत!" प्रोफेसर म्हणाला, मग त्याने स्वतः वास घेतला आणि नाक दाबून धरलं.

मुंगीने दुसऱ्या डब्याचा वास घेतला. लोण्याचा गोड, स्वच्छ वास. कड पांढरीशुभ्र, पाण्याचा थेंब नाही. "हे नुसतं गारठलंय, काका. यात लोणी आहे ना, फ्रिजमध्ये ते घट्ट होतं आणि गार असताना ढवळलं की गुठळ्या दिसतात. थोडा वेळ बाहेर ठेवून फेटलं की पुन्हा छान होईल. मावशी रोज करते." मग तिने मनात दोन दिवस खदखदत असलेला प्रश्न विचारला, "पण काका, तुम्ही हा शिळा डबा लपवून का ठेवलात?"

"लपवून?" काकांना आता खरंच वाईट वाटलं. "अगं, मी तो जपून ठेवला! कोणाचा हात लागू नये म्हणून अगदी मागे. चिठ्ठीच आहे ना वर, परवाचं म्हणून."

"पण परवाचं म्हणजे फेकायचं!"

"परवा लागणारं आज कोण फेकतं?"

"परवा लागणारं नाही, परवा केलेलं!"

काकांनी चिठ्ठीकडे पाहिलं. मुंगीने चिठ्ठीकडे पाहिलं.

"म्हणजे... गेलेला परवा?" काका म्हणाले.

"हो! आणि तुम्ही समजलात येणारा परवा!"

"गुरुवारी चिठ्ठी होती परवाचं. मी बोटं मोजली. शुक्रवार, शनिवार. म्हटलं, तुझ्या मावशीने शनिवारच्या मोठ्या केकसाठी आधीच करून ठेवलंय. केवढी कामसू बाई, असं कौतुकही केलं मनात!"

"आणि आधीच्या तीन केकांनाही हेच झालं!" मुंगी ओरडली. "तुमच्या आधीची ताई तारखा लिहायची, जुन्या डब्यांवर अजून आहेत त्या. ती गेल्यावर मावशी घाईघाईत असं लिहायला लागली!"

"हे राम!" काका मटकन स्टुलावर बसले.

"शब्द एक, दिवस दोन," प्रोफेसर वहीत लिहीत पुटपुटला. "चोर कोणीच नाही. हात्तिच्या!"

"तुला इथे यायला मी नको म्हटलं होतं ना?"

सगळे गर्रकन वळले. दारात मावशी उभी होती. तिने ओटा पाहिला, सांडलेलं आयसिंग पाहिलं, दोन परकी मुलं पाहिली, आणि मग तिची नजर फ्रिजवर गेली. गडबडीत फ्रिजचं दार सताड उघडं राहिलं होतं!

"आणि हे काय?" मावशीने दाराकडे बोट केलं. "अजून म्हण, मी दार लावते म्हणून!"

प्रोफेसर काहीतरी बोलायला गेला, पण मुंगी पुढे झाली. तिने पाठीने फ्रिजचं दार ढकलून बंद केलं आणि डबा उचलून मावशीच्या समोर धरला.

"मावशी, रागव नंतर. आधी वास घे."

मावशीने वास घेतला. तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या आणि चेहरा पांढरा पडला. तिने झाकण उचलून चिठ्ठी वाचली.

"हे तर मी गुरुवारी फेकायला काढलं होतं."

"ताई, मी ते आजसाठी ठेवलं," काका मान खाली घालून म्हणाले. "परवाचं लिहिलं होतं ना. तुमची भाची धावत आली म्हणून केकला लागलं नाही. नाहीतर आज चाळीस म्हाताऱ्यांना मी..."

मावशी त्या चार अक्षरांच्या चिठ्ठीकडे बघत राहिली. "अक्षर माझंच आहे," ती म्हणाली.

मग तिने घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार! "आजचं आयसिंग काढा बाहेर. फेटायला हवं."

"काढलंय," मुंगी म्हणाली. "नरम होत आलंय."

पुढचा अर्धा तास त्या किचनमध्ये नुसती लगीनघाई चालली होती. मावशीने आयसिंग फेटलं, ते पुन्हा रेशमासारखं झालं, काका तोंडात बोट घालून बघत राहिले. प्रोफेसरने शिळा डबा कचऱ्यात रिकामा केला, गरम पाण्याने तीनदा धुतला आणि भरलेली पिशवीही फेकून दिली. शेपूट कुणाच्याही मधेमधे येण्याचं काम मन लावून करत होती. काकांचे हात असे चालले की पाचला दहा मिनिटं असताना केकवर गुलाबाची अख्खी बाग उभी होती.

---

वृद्धाश्रमात सगळ्यांनी मिळून केक खाल्ला. मावशीने काही झाकून ठेवलं नाही. चाळीस माणसांसमोर तिने स्वतःची चूक सांगितली आणि मुलांनी ती कशी पकडली तेही सांगितलं. टाळ्याच टाळ्या! नव्वद वर्षांच्या आजोबांनी मुंगीला जवळ बोलावलं.

"पोरी, नव्वद वर्षांत मी बरेच परवा पाहिले," ते म्हणाले, "पण खायला कोणी घातला नव्हता. तू वाचवलंस!" सगळे पोट धरून हसले. त्यांनी प्रोफेसरची वही चाळली आणि शाबासकी दिली. शेपटीला गुलाबाचा मोठा तुकडा मिळाला आणि तिने दोन चॉकलेटांची आठवणही दादाला सगळ्यांसमोर करून दिली.

परतल्यावर मावशीने काकांना बसवून घेतलं. आता प्रत्येक डब्यावर केल्याची तारीख, वेळ आणि फेकायची तारीख लिहायची, आणि रोज दोन वाजता दोघांनी पंधरा मिनिटं समोरासमोर बसायचं, असं ठरलं. काका म्हणाले, "बरं होईल ताई. दिवसभर त्या गुलाबांशी तरी किती बोलणार?"

प्रोफेसर आणि शेपूट जेवायला वर गेले. मुंगीही आपल्या खोलीत आली. कौतुक खूप झालं होतं, हात दुखेस्तोवर टाळ्या वाजल्या होत्या. पण रविवारचं कोणीच काही बोललं नव्हतं. उद्या रविवार. तिने पलंगाखालून बॅग ओढली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. विचारावं असं तिला वाटत होतं. पण विचारलं आणि मावशी हो म्हणाली तर?

दार उघडलं. मावशी हात पुसत आत आली आणि बॅग बघून थबकली.

"हे काय करतेस?"

"उद्या जायचंय ना."

मावशी पलंगावर बसली. तिने बॅग जवळ ओढली. मग म्हणाली, "तू मला गुरुवारी सांगितलं होतंस. मी उठून नुसता फ्रिज उघडायचा होता. तेवढंही केलं नाही मी. तुला खोटं ठरवून झोपून गेले."

मुंगीने मान खाली घातली.

"चुकलं माझं. मुंगे, फार चुकलं." मावशीने बॅगेतला वरचा फ्रॉक काढला, उठून कपाटात टांगला. मग दुसरा. मग मोजे, रुमाल, सगळं. "आत्याला फोन केलाय मी. तिला म्हटलं, नाही पाठवत. मला लागते ती इथे."

"कामाला?" मुंगीने घाबरत विचारलं.

"कामाला कशाला? मला लागतेस."

मग मात्र मुंगी रडली. तीन दिवस आवरून धरलेलं सगळं रडली, हुंदके देऊन, नाक पुसायचंही भान न ठेवता. मावशीने तिला कुशीत ओढून घेतलं.

"दिवसभर काय करत होतीस गं तू वर एकटी?" तिने विचारलं.

मुंगी सांगायला लागली. खाली दुकानात गिऱ्हाईक आलं, दाराची घंटा वाजली, थोड्या वेळाने पुन्हा वाजली. मावशी जागची हलली नाही.